आठवडाभर मगर, मग गणित कधी?

"शाळेत आज काय शिकवलं?" या प्रश्नाला तिसरीतला मुलगा रोज "मगर" एवढंच सांगायचा. शुक्रवारी आईने वह्या तपासल्या, तर गणिताच्या वहीत एकच पान भरलेलं. बडोद्याच्या दांडिया बाजारातलं हे मराठी कुटुंब त्याच काळजीने माझ्याकडे आलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

"मॅडम, ह्याच्या चुलतभावाची वही पंधरा दिवसांत संपते," आई म्हणाली. आजोबा जास्तच नाराज होते. "सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सगळ्या बडोदा राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, ते काय मगरी काढायला?"

वर्गात तो आठवडा मगरीवर होता. एकच विषय घेऊन त्यातून भाषा, गणित, परिसर अभ्यास शिकवायचं, अशी बाईंची पद्धत. बडोद्यात मगर हा काही पुस्तकातला प्राणी नाही. विश्वामित्री नदी शहराच्या मधून वाहते आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरात मगरी वस्तीत आल्या होत्या. मुलांच्या मनात ती भीती अजून आहे. तिच्यावर बोलायला, लिहायला मिळणं मला मोलाचं वाटतं.

मुलाला विचारलं तर तो थांबेचना. मगरीच्या अंड्यातून नर निघणार की मादी, हे घरट्यातल्या उष्णतेवर ठरतं, हे त्याने अर्धं मराठीत, अर्धं गुजरातीत समजावलं. व्हरांड्यात त्यांनी खडूने चार मीटरची मगर काढली होती. तीन मुलं ओळीने आडवी झाली तरी शेपटी उरलीच! मी त्याच्या हातात टेप दिली. त्याने माझी खोली मोजली, तीन मीटर चाळीस भरली. "मगर मावणार नाही, साठ सेंटीमीटर बाहेर राहील," त्याने लगेच सांगितलं.

आईचा चेहरा खुलला. मग मी कागदावर ४०३ वजा १६७ लिहून दिलं. उत्तर आलं ३६४. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलेला. मधे शून्य आलं की हातचा कुठून घ्यायचा, हे त्याला माहीत नव्हतं.

म्हणजे आईची काळजी खोटी नव्हती, पण तिचा रोख चुकीच्या जागी होता. मुलगा शिकत होता. मोजणं, अंदाज बांधणं, फरक काढणं त्याला समजलं होतं. कच्चा होता तो सराव, आणि सराव असा विषय रंगल्याने आपोआप होत नाही. केंद्र सरकारच्या २०२१ च्या निपुण भारत अभियानात तिसरी संपेपर्यंत समजून वाचणं आणि पायाभूत गणित यावं हेच उद्दिष्ट आहे, त्यामुळे या वर्गात ढिलाई परवडत नाही. पण भरलेली वही म्हणजे समज, असंही नाही. फळ्यावरचं उतरवून पानं भरणारी आणि तोंडी विचारलं की गप्प होणारी मुलं माझ्याकडे कितीतरी येतात.

आईला मी बाईंना भेटायला सांगितलं, तक्रार म्हणून नाही, तर एक प्रश्न घेऊन: "या आठवड्यातून भाषेचं आणि गणिताचं नेमकं काय यायला हवं होतं?" बाईंकडे त्याचं टिपण तयार होतं, आणि लेखी वजाबाकीचा सराव पुढच्या आठवड्यात ठेवलेला होता. प्रत्येक शाळेत असं असतंच असं नाही. या प्रश्नाला उत्तर नसेल, रात्री आईवडीलच तक्ते रंगवत असतील आणि मुलाला काही सांगता येत नसेल, तर पालकांनी नक्की बोलावं. तिथे विषय फक्त सजावटीला असतो.

घरी रोज पंधरा मिनिटं ठरली. चारच वजाबाक्या, त्यातल्या दोन मधे शून्य असलेल्या, आणि एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा. चुलतभावाच्या वहीचं नाव काढायचं नाही. "काय शिकवलं?" ऐवजी "आज काय मोजलंस, काय वाचलंस?" असं विचारायचं. पाढे आजोबांनी स्वतःहून मागून घेतले.

महिन्याने त्यांना परत बोलावलं आहे. वजाबाकी तेव्हा पुन्हा बघू. त्याचं वाचनही मला जरा अडखळत वाटलं, तेही नीट ऐकायचं आहे.