चिऊला पत्र : १ मेला ‘माझी मैना’ का म्हणायची

प्रिय चिऊ,

तुझा मेसेज मिळाला. तुमच्या मंडळाच्या महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात तुम्हा मुलांना ‘माझी मैना गावावर राहिली’ बसवायला दिलंय, आणि तू विचारतेस, “आई, बायकोला गावी सोडून आलेल्या माणसाचं गाणं १ मेला कशाला? त्यात ना झेंडा, ना विजय. आपलं राज्यगीत आहे ना?” फोनवर हे घाईघाईत सांगावंसं वाटेना, म्हणून सावकाश लिहिते.

राज्यगीत आहेच. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि शाहीर साबळे यांचा आवाज असलेलं ‘जय जय महाराष्ट्र माझा’ २०२३मध्ये सरकारने राज्यगीत म्हणून स्वीकारलं. ते सुरू झालं की उभं राहायचं, आणि ते म्हणताना माझीही छाती भरून येते. पण महाराष्ट्र हे राज्य मागून, भांडून मिळवावं लागलं, आणि ते भांडण चालू असताना रस्त्यावरची माणसं जे म्हणत होती त्यात ‘माझी मैना’ होती. म्हणून तिचा मान वेगळा आहे.

ती रचली अण्णाभाऊ साठे यांनी. जन्म १ ऑगस्ट १९२०, वाळवा तालुक्यातलं वाटेगाव, आता सांगली जिल्ह्यात येतं. मांग समाजातलं घर. इंग्रजांच्या कायद्याने या समाजावर जन्मानेच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला होता, आणि गावाने तर त्यांना आधीच वेशीबाहेर ठेवलेलं. शाळा म्हणशील तर जेमतेम दीड दिवसाची. वडिलांबरोबर पायी चालत मुंबई गाठली, पडेल ते काम केलं, गिरणीत राबले, घाटकोपरच्या चिरागनगरमध्ये झोपडीत राहिले. अक्षरओळख त्यांनी स्वतःच्या हिमतीवर करून घेतली. या माणसाने पुढे पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या. त्यातली ‘फकिरा’ तू मोठी झालीस की नक्की वाच.

१९४४मध्ये अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. तिघेही कम्युनिस्ट, तिघेही शाहीर. अमर शेख बार्शीचे, मूळ नाव मेहबूब पटेल, आणि आवाज असा पहाडी की मैदानाच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसालाही लाउडस्पीकरची गरज पडू नये. मराठी माणूस कोण, असं तुला कुणी विचारलं तर हे तिघे एका फडावर उभे आहेत एवढंच आठव. मांगाच्या घरातला कवी आणि मुसलमानाच्या घरातला गायक यांनी मराठी राज्याची मागणी घराघरात पोचवली. मला स्वतःला या गोष्टीचा अतोनात अभिमान वाटतो, आणि तो तुलाही वाटावा असं मनापासून वाटतं.

शाहीर म्हणजे नुसता गायक नव्हे, हेही सांगून ठेवते. अफझलखानाच्या वधावर अज्ञानदासाने रचलेला पोवाडा शिवाजी महाराजांच्या हयातीतला आहे. तेव्हापासून डफ-तुणतुणं घेतलेल्या माणसाचं कामच हे, की घडलेली गोष्ट न वाचणाऱ्या लोकांपर्यंत न्यायची आणि त्यावर आपलं मत ठणकावून सांगायचं. अण्णाभाऊंनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला तो याच कामाचा भाग होता. तमाशातही त्यांनी एक धाडस केलं. गण म्हणजे सुरुवातीचं नमन, ते परंपरेने गणपतीला. अण्णाभाऊंनी ते मायभूमीला आणि शिवरायांना केलं. गवळणीचा भाग काढून टाकला, राजाच्या दरबाराच्या जागी सावकार आणि गिरणीमालक आणला. सरकारला हे झोंबलं आणि कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी आली.

आता तुझ्या गाण्याकडे येते. आपलं राज्य तेव्हा कुठे होतं? नोव्हेंबर १९५६मध्ये भाषावार राज्यं झाली, पण मराठी माणसाला मिळालं गुजरातसह मुंबई हे द्विभाषिक राज्य. त्याआधी तर मुंबई वेगळी काढून थेट केंद्राच्या ताब्यात द्यायचं घाटत होतं. लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाले, शंभरावर माणसं गेली. फोर्टातला हुतात्मा चौक त्यांच्यासाठी आहे. गेलेल्यांत गिरणी कामगार बरेच होते. हे कामगार सातारा-सांगलीकडून, कोकणातून आलेले. एकेका खोलीत पंधरा-वीस जण, खानावळीत जेवण, आणि बायकापोरं गावाला. तुझे पणजोबा लालबागला असेच राहायचे. पणजी जन्मभर गावीच राहिली.

अण्णाभाऊंनी या माणसाला बोलायला लावलं. ही छक्कड आहे, लावणीच्या कुळातली. तू ती नीट कान देऊन ऐक. सुरुवातीला तो नुसतं बायकोचं कौतुक करतो. मग गरिबीमुळे निघावं लागतं, ती भाकरतुकडा बांधून देते, त्याला पोचवायला गावदरीपर्यंत येते आणि तिथे तिचा चेहरा उतरतो. हा तिला दागिने आणीन असं सांगत सुटतो : कोल्हापुरी साज, वज्रटीक, पुतळ्यांची माळ, मासोळ्या, नथ. एकही दागिना हा आणू शकणार नाही, हे ऐकणाऱ्या प्रत्येक कामगाराला ठाऊक असायचं. ओळींचा शेवट बघ, एकामागून एक ‘ची’वर येतो. सोन्याची, गुणांची, मनाची, असं यमक साचत जातं, श्वास घ्यायला जागा ठेवत नाही, आणि मग ध्रुपद येऊन सगळं मोकळं होतं. मुंबईत येऊन बघतो तर बेकारांची गर्दी, आणि त्या गर्दीत हाही एक.

इथपर्यंत तू म्हणतेस तसं ते विरहाचंच गाणं आहे. शेवटच्या कडव्यात अण्णाभाऊ वळण घेतात. माझी आणि मैनेची जशी ताटातूट, तीच गत या खंडित महाराष्ट्राची झाली असं तो म्हणतो, आणि नावं घेतो : बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव. मालकी दुसऱ्यांची. मग बेकीबद्दलची चीड आणि एकीसाठी विनवणी. आतापर्यंत जो श्रोता आपल्या बायकोच्या आठवणीने व्याकूळ झालाय, त्याच्या त्याच व्याकुळतेला कवी नकाशा दाखवतो. सीमा, आयोग, ठराव हे त्याला कुणी समजावून सांगितलं असतं तर डोक्यावरून गेलं असतं. गावी राहिलेलं माणूस म्हणजे काय, हे मात्र त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

म्हणून मला वाटतं की महाराष्ट्र कोणाचा, या प्रश्नाचं सर्वांत खरं उत्तर या गाण्यात आहे. गड-किल्ल्यांचा अभिमान आपल्याला आहेच, असायलाच हवा. अण्णाभाऊंनी त्या अभिमानाच्या शेजारी खानावळीत जेवणारा, पत्र लिहायला दुसऱ्याला सांगणारा माणूस आणून उभा केला आणि राज्य ह्याचंही आहे असं बजावलं. १९५८मध्ये मुंबईतल्या दलित साहित्य संमेलनात ते म्हणाले होते की पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नव्हे तर दलित-कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरलेली आहे. ‘माझी मैना’ त्याच विचारातून आलेली आहे.

१ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. डांग आणि उंबरगाव गुजरातेत गेले, बेळगाव आणि कारवार कर्नाटकात राहिले. बेळगावचा दावा २००४पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या नावांच्या जागी जी माणसं राहतात, त्यांत मराठी बोलणारे आहेत तसे कानडी, गुजराती, डांगी बोलणारेही आहेत, आणि त्यांच्याबद्दल राग धरावा असं मी तुला कधीही शिकवणार नाही. पण राज्य मिळालं त्याच दिवशी काहीतरी राहूनही गेलं, हे विसरून १ मे साजरा करता येत नाही. तुझ्या मंडळातल्या काकांचे डोळे या गाण्याला भरून येतात असं तू लिहिलंस. ते आणि मी, आम्ही पोटासाठी गाव सोडून आलेली माणसं आहोत. आमची ओढाताण गिरणी कामगाराच्या तुलनेत काहीच नाही, व्हिडिओ कॉलवर रोज घर दिसतं. तरीही ते ध्रुपद आलं की गळा दाटतो.

अण्णाभाऊंचं पुढे काय झालं, हेही तुला माहीत हवं. १९६१मध्ये ते सोव्हिएत रशियाला जाऊन आले, तिथे त्यांनी शिवाजी महाराजांची कथा सांगितली. आणि १८ जुलै १९६९ला ते मुंबईत हलाखीत गेले, पन्नाशीही गाठली नव्हती. दीड महिन्यातच अमर शेखही गेले. २००२मध्ये टपाल तिकीट निघालं, २०२२मध्ये मॉस्कोत पुतळा बसला. हे सगळं ते असताना व्हायला हवं होतं, असं मला फार वाटतं.

आता कामाचं बोलू. तुम्हाला दिलेल्या कागदावर शेवटचं कडवं आहे का, ते आजच बघ. वेळ कमी म्हणून बऱ्याचदा नेमकं तेच कापतात आणि मग तुला पडला तसा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. बसवून घेणाऱ्या ताईंना सांग, कौतुकाच्या दोन ओळी कमी करा पण ते कडवं राहू द्या. चार ठिकाणांची नावं घेताना घाई करू नका, एकेक स्पष्ट येऊ दे. झील, म्हणजे मागून साथीचा सूर, ओढायला आवाजाने दणकट दोघं-तिघं घ्या, मुलीही चालतील, तू पुढे हो. आणि कीबोर्डवर भागवू नका. ढोलकी नसेल तर मला कळव, आमच्या मंडळात एक आहे, शनिवारी घेऊन येते.

तुझी,
आई