गार्डन ऑफ द गॉड्सची (अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज शहरातलं तांबड्या खडकांचं उद्यान) जुनी पोस्टकार्डं हाती आली आहेत. रंग खरे असतात का? वय कसं ओळखायचं? किंमत किती येईल?

रंग खरे नसतात. कोलोरॅडोतला तो वालुकाश्म लोहाच्या ऑक्साइडमुळे तांबडा आहेच, पण कार्डावरचा तांबडा छापखान्यातला. मूळ फोटो कृष्णधवल, रंग छपाईत चढवलेले. डेट्रॉइट पब्लिशिंग कंपनीची ‘फॉस्टिंट’ नावाची कार्डं त्यातल्या त्यात सोज्वळ. शिकागोच्या कर्ट टाइख कंपनीची कापडी पोताची ‘लिनन’ कार्डं (१९३०-४०ची दशकं) म्हणजे भडकपणाचा कळस. मला तीच आवडतात, कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे.

वय मागच्या बाजूवरून काढा. अमेरिकेत १ मार्च १९०७पर्यंत मागे फक्त पत्ता लिहायची मुभा होती. मजकूर पुढे, चित्रावरच. माझ्याकडे बॅलन्स्ड रॉकचं, म्हणजे तिथल्या तोल सावरून उभ्या खडकाचं, तसं एक कार्ड आहे. हवा मानवली, खोकला कमी झालाय, असं कुणीतरी आकाशात बारीक अक्षरांत लिहिलंय आणि जागा संपली तशी शेवटची ओळ खडकाच्या कडेने उभी खाली उतरवलीये. क्षयाचे रोगी तेव्हा कोलोरॅडो स्प्रिंग्जला हवापालटासाठी जात, त्यांच्यातलाच कुणी असणार.

मागच्या कोपऱ्यात मात्र पापुद्रा निघालेला चौकोन आहे. तिथे एक सेंटचं हिरवं तिकीट होतं. माझ्या थोरल्या मावसभावाने पाहायला म्हणून कार्ड नेलं आणि कोपरा ओला करून तिकीट काढून घेतलं. दादा तिकिटं जमवतो. वर मलाच म्हणतो, “तुझ्या चित्राला कुठे धक्का लागला?” चित्राला नाही लागला, शिक्का गेला ना! अर्धा तिकिटाबरोबर गेला. उरलेल्या अर्ध्यावर गावाचं नाव आहे, वर्ष नाही. आणि तिकीट तरी कसलं, ढिगाने मिळणारं. लिहिलेलं कार्ड म्हणजे रद्दी, हे त्याचं पालुपद अजून चालू असतं. कोऱ्या कार्डावर छापखान्यापलीकडे काय कळतं, याचं उत्तर त्याने आजतागायत दिलेलं नाही. तेव्हा कुणीही, कितीही जवळचा असो, तिकीट मागितलं तर देऊ नका.

हां, शिक्क्यावरून टाकल्याची तारीख कळते, छापल्याची नाही. दुकानात कार्डं वर्षानुवर्षं पडून असायची. टाइखच्या लिननवर क्रमांक बघा: ‘५ए’ म्हणजे १९३५, ‘५बी’ म्हणजे १९४५. डेट्रॉइटच्या क्रमांकावरून असं वर्ष निघत नाही.

किमतीचं म्हणाल तर जागा प्रसिद्ध, कार्डं भरमसाट छापलेली, साध्या दृश्याला फारसा भाव नाही. बॅलन्स्ड रॉकपाशी गाढवांवर बसलेल्या पर्यटकांचं फोटो-कार्ड असेल तर वेगळं काढून ठेवा. १९३२ साली शहराने विकत घेईपर्यंत तो खडक खाजगी मालकीचा होता, आणि मालकच तिथे पर्यटकांचे फोटो काढून विकायचे. विकायचंच झालं तर तिकिटासकट विका.