अंधारात स्विच सापडावा म्हणून त्यावर छोटा दिवा बसवता येईल का? बोर्डात न्यूट्रल (करंटची परतीची वायर) नाही.

येईल, आणि त्यासाठी न्यूट्रल लागतही नाही. निऑनचा बारीक दिवा रेझिस्टरसह (करंट मर्यादेत ठेवणारा भाग) स्विचच्या दोन टर्मिनलांना समांतर जोडायचा. स्विच बंद असताना निऑनमधून जाणारा अगदी थोडा करंट बल्बमधूनच न्यूट्रलला पोचतो आणि निऑन पेटतो. स्विच चालू केला की दोन्ही टर्मिनलांमधला व्होल्टेज जवळपास शून्य होतो, मग निऑन आपोआप विझतो. बल्ब उडाला किंवा काढला तर निऑनही पेटणार नाही, तेव्हा इंडिकेटर बिघडला असं समजू नका.

२३० व्होल्टला साधारण २२० किलोओहमचा रेझिस्टर चालतो, करंट एक मिलिअँपिअरच्या आत राहतो. रेझिस्टर अर्ध्या वॅटचा घ्या. पाव वॅटचा उष्णतेला पुरतो, पण त्याची व्होल्टेज मर्यादा तोकडी पडू शकते.

खरी कटकट एलईडी बल्बची. एवढ्याशा करंटवरही काही एलईडी रात्रभर मंद जळतात, नाहीतर मधूनच लुकलुकतात. तसं झालं तर निऑन काढा किंवा न्यूट्रल ओढून घ्या. न्यूट्रल असेल तर निऑन रेझिस्टरसह फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रलमध्ये जोडा, तो कायम पेटता राहील. बल्ब चालू असतानाच दिवा हवा असेल, तर स्विचची बल्बकडे जाणारी वायर आणि न्यूट्रल यांच्यामध्ये जोडा.

माझं मत विचाराल तर तयार इंडिकेटरवाला स्विचच आणा. सुटे भाग बोर्डात कोंबण्यात मजा नाही. मेन बंद करा, टेस्टर लावून बघा, मगच स्क्रू सोडवा.