हातच्याची वजाबाकी: आधी चूक ओळखा, मग उदाहरणं द्या

ताई, गोवंडीच्या शाळेत तिसरीच्या वर्गात ४० मुलं आहेत, रोज दहा वजाबाक्या देता, तरी निम्म्या मुलांची हातच्याची वजाबाकी चुकते, काय करावं, असं तुम्ही विचारलंय. पहिली विनंती ही की उदाहरणं वाढवू नका. चुकीच्या रीतीनं रोज दहा गणितं केली की ती रीतच मुलाच्या हातात बसते. दोन दिवस शिकवणं बाजूला ठेवून फक्त चुका बघा.

त्यासाठी उदाहरण निवडून द्यावं लागतं. तुम्ही लिहिलेलं ५२ − २७ हे उदाहरण चूक शोधायला उपयोगाचं नाही. एक मूल सातातून दोन वजा करतं, म्हणजे वर-खाली न बघता मोठ्यातून लहान काढतं, आणि त्याचं उत्तर ३५ येतं. दुसरं मूल बारातून सात बरोबर काढतं, पण दशकाच्या घरातला एक कमी करायला विसरतं. त्याचंही ३५ येतं. एककांतला फरक ५ असला की या दोन्ही चुका एकाच उत्तरात लपतात. त्याऐवजी ४३ − २७ द्या. बरोबर उत्तर १६. पहिल्या चुकीचं उत्तर २४, दुसऱ्या चुकीचं २६. वह्या गोळा केल्या की दोन गठ्ठे आपोआप पडतात. २६वाल्यांना लेखनाची सवय लावली की पुरते. २४वाल्यांना मात्र दशक म्हणजे काय हेच कळलेलं नसतं, खरं काम तिथे आहे.

उदाहरण फळ्यावर लिहून द्या, तोंडी सांगू नका. ‘त्रेचाळीस’मध्ये तीन आधी ऐकू येतात, म्हणून काही मुलं ३४ लिहितात, ‘एकोणचाळीस’ ऐकून ४९ लिहिणारीही असतात. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’साठी ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा केवढा वाद झाला, पण त्यामागची अडचण खरी आहे. ज्यांच्या घरी हिंदी बोलतात आणि आकडे इंग्रजीत ऐकू येतात, त्या मुलांना हे आणखी जड जातं. संख्यालेखनाची चूक वजाबाकीच्या खात्यात धरू नका.

आता २४वाल्यांसाठी काड्या. चार-चार मुलांचे गट, प्रत्येक गटाला दहा-दहाचे ९ गठ्ठे आणि २० सुट्या काड्या, म्हणजे ११० काड्या. सगळा वर्ग एकदम बसवायचा तर ११०० लागतील. निम्मा वर्ग काड्यांवर आणि निम्मा वहीवर ठेवला तर ५५० पुरतात. आइस्क्रीमच्या काड्या उत्तम. खराट्याचे हीर टोचतात. रबरबँड पावसाळ्यात चिकट होऊन तुटतात, म्हणून थोडे जास्तीचे ठेवा किंवा सुतळीचे तुकडे वापरा. गठ्ठे मुलांनाच मोजून बांधू द्या. नऊ किंवा अकरा काड्यांचा एक गठ्ठा गेला तरी पुढचं सगळं फिसकटतं, म्हणून शेजारच्यानं तो पुन्हा मोजायचा.

मांडायचे फक्त ४३: चार गठ्ठे, तीन सुट्या. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. मुलं ४३ही मांडतात आणि २७ही मांडतात, मग काय कशातून काढायचं ते कळत नाही. २७ ही काढून घ्यायची संख्या आहे, ती फक्त पाटीवर लिहायची. सात सुट्या मागा. तीनच आहेत. इथे थांबा, ‘मग हातचा घ्या’ असं सांगू नका. कुणीतरी गठ्ठा सोडायचं सुचवतंच. दुकानात दहाची नोट मोडून सुट्टे घेणं त्यांना माहीत असतं. सोडलेल्या दहा काड्या आधीच्या तीनमध्ये मिसळायला लावा. त्या वेगळ्या ठेवल्या तर मूल दहातून सात काढतं आणि आधीच्या तीन सुट्या विसरतं.

प्रत्येक हालचालीनंतर लगेच वहीत लिहायचं: गठ्ठा सुटला की ४ खोडून ३, सुट्या मिसळल्या की ३च्या जागी १३. आधी सगळं काड्यांनी करून शेवटी वहीत उतरवलं तर काड्या आणि आकडे यांचा संबंध मुलाच्या मनात जुळत नाही. पस्तीस मिनिटांच्या तासात अशी तीनच उदाहरणं होतात आणि तेवढी पुरेशी आहेत. शेवटची पाच मिनिटं गठ्ठे परत बांधायला ठेवा.

दोन-चार दिवसांनी ६८ − २५सारखी बिनहातच्याची उदाहरणं मधूनमधून घाला. नाहीतर मुलं गरज नसतानाही दशक मोडायला लागतात.

मधल्या शून्याचं उदाहरण, समजा ४०२ − १६८, गणपतीच्या आधीच्या आठवड्यात सुरू करू नका. कोकणात गेलेली मुलं सुट्टी संपली तरी लगेच परतत नाहीत, आणि हा भाग मधून तोडला तर पहिल्यापासून करावा लागतो. शतकातून थेट एककात जाता येत नाही: एक शतक मोडून १० दशकं, त्यातलं एक दशक मोडून १० एकक, म्हणून ३ शतकं, ९ दशकं, १२ एकक. उत्तर २३४. कुणाचं २४४ आलं तर दहाचे नऊ करायचे राहिले. ३६६ आलं तर ते मूल अजून मोठ्यातून लहानच काढतंय, त्याला परत काड्यांवर आणा. बरोबर उत्तराचीही २३४ + १६८ करून पडताळणी मुलानंच करायची.

एवढं करूनही काही मुलं अडली तर त्यांना फक्त १३ − ७ विचारा. बोटं मोजत बसली तर अडचण हातच्याची नाही, वीसपर्यंतच्या वजाबाकीची आहे. रोज पाच मिनिटं तोंडी घ्या: तेरातून तीन काढून दहावर या, सातातले उरलेले चार काढा, सहा.