मनगटावरच्या पट्ट्यातून हृदयाचे ठोके मोजून एसी आपोआप कमीजास्त करता येईल का?

शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट म्हणताय तर होईल, पण नुसत्या ठोक्यांवर विसंबू नका. मी एमटेकला हेच केलं आणि पहिले दोन महिने त्यातच गेले. माणूस जिना चढून आला, चहा प्यायला, गाईडचा फोन आला की ठोके वाढतात, त्यातला उकाड्यामुळे वाढलेला भाग वेगळा काढणं फार अवघड आहे.

त्यापेक्षा बोटं बघा! गारवा लागला की शरीर आतली ऊब राखायला आधी हातापायाच्या टोकांचं रक्त कमी करतं, कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. मी एक थर्मिस्टर (तापमान मोजणारा छोटा सेन्सर) तर्जनीच्या टोकाला आणि एक कोपराच्या जरा खाली चिकटवून एसीच्या झोतात टायपिंग करत बसले, अर्ध्या तासात बोट ३३ वरून २६ अंशांवर आलं, कोपराखालचा सेन्सर ३२ च्या आसपासच, आणि भिंतीवरचं थर्मामीटर सगळा वेळ २४! हा दोन्हींमधला फरक ४ अंशांच्या वर गेला की रक्तवाहिन्या चांगल्याच आवळल्यात असं धरतात.

उकाड्यात मात्र बोट फारसं सांगत नाही, ते ३५ च्या आसपास जाऊन थांबतं आणि पुढचं काम घामाचं. तिथे त्वचेची विद्युतवाहकता मोजा, घाम आला की ती वाढते; पण टेन्शननेही ती उसळते, म्हणून क्षणाक्षणाचे चढउतार सोडून पाच-दहा मिनिटांचा कल बघा.

आणि माणसाला विचारायचं सोडू नका, हे मनापासून सांगते. डॅनिश शास्त्रज्ञ फँगर यांचं, माणसाला किती गार-गरम वाटेल हे काढायचं १९७० च्या सुमाराचं गणित हवेचं तापमान, आजूबाजूच्या पृष्ठभागांचं तापमान, वारा, दमटपणा, कपडे आणि हालचाल अशा सहा गोष्टी घेतं, तरी ते सरासरी माणसाचं, सगळं जुळून आलं तरी ५ टक्के लोक नाराज राहणार असं तेच सांगतं. तुमच्या एसीखाली सरासरी माणूस बसत नाही हो. दर पंधरा मिनिटांनी −३ (खूप थंड) ते +३ (खूप गरम) असं मत नोंदवून घ्या आणि सेन्सरचे आकडे त्याच्याशी ताडून बघा, प्रत्येक माणसाचे वेगळे.

सेन्सर चिकटवायला टेप मायक्रोपोरचा (दवाखान्यात वापरतात तो कागदी) घ्या आणि सैल लावा. घट्ट गुंडाळला तर रक्त अडून बोट तसंच गार पडतं, माझे चार दिवसांचे रीडिंग असे टाकून द्यावे लागले.