पूर्ण एक मिनिट

चि. धाकट्या बहिणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. आरोग्य कार्यकर्त्यांची पहिली तुकडी तुझ्या हाती आली, याचा मला फार आनंद झाला. पाच दिवसांत गरोदरपण, नवजात बाळ, जुलाब, न्यूमोनिया, क्षयरोग, रक्तदाब हे सगळं कसं बसवू, असं तू विचारलं आहेस. सगळं बसवूच नकोस. तुझ्या तक्त्यात पहिल्या दिवशी चार व्याख्यानं आहेत. ती काढ आणि त्या जागी एक बाळ आण.

खरंच सांगते. एखाद्या आईला विचारून तिच्या निरोगी बाळासह वर्गात बोलाव. बाळ शांत झालं की झबलं वर करून छाती-पोट नीट दिसू दे आणि प्रत्येकीला श्वास मोजायला लाव. पूर्ण एक मिनिट. वीस-पंचवीस सेकंद झाले की बघ, कुणाची नजर हलते, कुणी शेजारणीशी बोलते, एखादी अर्धं मिनिट मोजून दुप्पट करते. तिथेच थांबव. तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालत नसतो. थोडा वेळ भरभर चालतो, मग क्षणभर थांबल्यासारखा होतो. अर्ध्या मिनिटाची दुप्पट केली की आकडा चुकतो, आणि त्या आकड्यावरच बाळाला दवाखान्यात न्यायचं की नाही ते ठरणार असतं.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, तर श्वास जलद, म्हणजे न्यूमोनियाची शंका. सर्वांत लहान बाळात ६० किंवा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजायचा. हे आकडे तुझ्या मुली एका संध्याकाळीत पाठ करतील. एक मिनिट न बोलता, न घाई करता दुसऱ्याच्या बाळाकडे बघत बसणं मात्र पाठ होत नाही, ते अंगवळणीच पडावं लागतं. मला वाटतं या कामातलं निम्मं शिक्षण एवढंच आहे.

आणि शंभरापर्यंत मोजता न येणारी बाई आली, तर तिला परत पाठवू नकोस. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी निरक्षर सुइणींसाठी मणी आणि एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ असलेलं साधन केलं होतं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. साधन बाईला जुळवून घेतलं तर तीही जलद श्वास बरोबर ओळखते.

आता माझी एक चूक सांगते. माझी पहिली तुकडी लेखी परीक्षेत उत्तम पास झाली होती. मी खुशीत होते. पुढच्याच आठवड्यात त्यांच्यातल्या एकीबरोबर एका घरी गेले. बाळाला जुलाब होते. तिने क्षारसंजीवनीचं पाकीट दिलं, सगळं घडाघडा सांगितलं आणि शेवटी विचारलं, “समजलं ना?” आईने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी गेलो तर त्या माउलीने लिटरभर पाण्याचं अख्खं पाकीट एका पेल्यात कालवून ठेवलं होतं. इतकं खारट पाणी बाळाला अपायच करतं. नशीब, बाळाने ते थुंकून टाकलं होतं. चूक आईची नव्हती, त्या मुलीचीही नव्हती. “समजलं ना?” हा प्रश्न मीच वर्गात दिवसभर विचारत होते, तिने तो माझ्याकडूनच उचलला.

तेव्हापासून माझ्या वर्गात तो प्रश्न बंद आहे. “आता मला करून दाखवा,” एवढंच म्हणायचं. भांडं आईच्या घरातलं, हात आईचे. एक लिटर किती ते त्याच भांड्यात खूण करून ठरवायचं. तूही मुलींना काही शिकवलंस की करून दाखवायला सांग. दंडाचा घेर मोजायची पट्टी तर प्रत्येकीच्या हातात दहा वेळा जाऊ दे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलात ११.५ सेंटिमीटरच्या खाली म्हणजे अतितीव्र कुपोषण. पट्टी जरा घट्ट ओढली की धडधाकट मूलही त्यात जाऊन बसतं.

गुप्ततेबद्दल पहिल्या दिवशीच बोल. कुणाच्या घरचं उदाहरण देताना ओळख पटेल असं काही निघालं, तर मध्येच अडव. एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात पोचली की दारं बंद होतात. ती पुन्हा उघडायला वर्षं लागतात.

“मला माहीत नाही, विचारून उद्या सांगते,” हे वाक्य मुलींच्या तोंडी यायला हवं असेल तर आधी तुझ्या तोंडून त्यांना ते ऐकू येऊ दे. आणि त्यांनी रुग्णाला दवाखान्यात पाठवलं की काम संपलं असं समजू देऊ नकोस. दुसऱ्या दिवशी त्या घरी जायचं, गेले का, काय सांगितलं, औषध मिळालं का, ते बघायचं.

पाच दिवसांनंतर काय, हे तू विचारलंच नाहीस, आणि मला त्याचीच जास्त काळजी आहे. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर जोडप्याने १९७० मध्ये गावोगावच्या आरोग्याचं काम सुरू केलं. तिथे गावातल्या बाया केंद्रावर येऊन थोडं शिकत, गावी जाऊन करत आणि अडचणी घेऊन परत येत. बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. तूही मुलींना असंच परत बोलवायला वरिष्ठांकडे दर आठवड्याचा एक दिवस मागून घे. पहिले दोन महिने प्रत्येकीबरोबर निदान तीन घरं तू स्वतः जा. घरात तू बोलू नकोस, मागे बस. ती चुकली तर बाळाला धोका असेल तेवढंच तिथे बोल, बाकीचं परतीच्या वाटेवर.

पहिल्या दिवशीची मोजणी झाली की प्रत्येकीचा आकडा फळ्यावर लिही आणि मला कळव. एकाच मिनिटात, एकाच बाळाचे आकडे दहाने वेगळे आले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच घे. व्याख्यानं नंतर झाली तरी चालतील.

तुझी,
ताई