पशुपालकांचे प्रश्न : वळू भाड्याने लावताना

प्रश्न : आमचा चार वर्षांचा जातिवंत खिलार वळू आहे. आजूबाजूचे लोक गाई भरवायला आणतात. किती गाई लावाव्यात? अटी काय ठेवाव्यात?
– एक वाचक, सांगोला

उत्तर : आठवड्याला तीन-चार, बस्स. रोज लावला की रेत (वीर्य) पातळ पडतं, गाई उलटतात म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर येतात आणि नाव वळूचं खराब होतं.

खरी भीती ब्रुसेलोसिसची, म्हणजे गाईंचा गर्भपात घडवणाऱ्या संसर्गजन्य रोगाची. वळूचं रक्त दर सहा महिन्यांनी तपासून घ्या. गाय गाभडलेली (गर्भपात झालेली) असेल किंवा सोट (माजावरच्या गाईचा चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ नसून त्यात पू दिसत असेल, तर ओळखीतल्याचीही परत पाठवा. सकाळी माजावर आलेली गाय संध्याकाळी भरवा. वहीत गाईच्या कानातला टॅग नंबर, तारीख लिहा. 21 दिवसांनी उलटली तर दुसरी खेप फुकट, तिसऱ्यांदा मात्र आधी डॉक्टर. वळूच्या स्वतःच्याच कालवडी त्याला लावू नका.